गाडी का तापते? इंजिन थंड ठेवण्याची दीडशे वर्षे

१९९८ सालच्या मे महिन्यातली दुपार होती. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आम्ही चढत होतो. वडिलांनी नुकतीच घेतलेली जुनी गाडी, मागे आई आणि धाकटी बहीण, पुढे मी. घाटमाथा जवळ आला आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. वडिलांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि हातात फडके घेऊन ते रेडिएटरचे झाकण फिरवायला पुढे झाले. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा चालक ओरडला, "साहेब, हात लावू नका! अर्धा तास थांबा, नाहीतर तोंड भाजेल."

आम्ही थांबलो. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. उष्णतेवरचे धडे पाठ होते, पण झाकण का उघडायचे नाही हे मला कुणी विचारले असते तर धड सांगता आले नसते.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमधल्या मिस्त्रींनी इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्याकडच्या उन्हात याची गरजच नाही," ते म्हणाले. त्यानंतर गाडी सपाटीवर उत्तम चालली. ती सपाटीवर आधीही उत्तमच चालत होती, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नाही. पावसाळ्याआधी आम्ही पुन्हा घाट चढलो आणि जवळजवळ त्याच वळणावर पुन्हा वाफ निघाली. दुखणे दुसरीकडेच होते.

ते कुठे होते हे शेवटी सांगतो. बॉनेटखालचा प्रत्येक भाग कोणती ना कोणती अडचण सोडवण्यासाठी तिथे आला आहे. ती अडचण ठाऊक असली की बिघाड शोधणे सोपे जाते. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

फेकून द्यावी लागणारी उष्णता

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींमधून पाण्यात उतरतो. या दोन तोट्यांची कारणे मात्र वेगळी आहेत.

उष्णतेपासून काम मिळवायचे तर उष्णतेचा काही भाग थंड ठिकाणी सोडावाच लागतो, हे फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्ये दाखवून दिले. धुराबरोबर जाणारी उष्णता हा त्या नियमाने लावलेला कर होय. पाण्यात जाणारी उष्णता ही निसर्गनियमाची मागणी नाही. ती धातूच्या आणि तेलाच्या दुर्बलतेची किंमत आहे. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. धातू टिकला तरी दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा पातळ थर इतक्या तापमानाला टिकत नाही.

मग धातूऐवजी सिरॅमिक वापरून पाणीच काढून टाकले तर? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कमिन्स कंपनी आणि तिथले लष्कर यांनी असा प्रयोग केला. शीतन यंत्रणा नसलेला एक लष्करी ट्रक त्यांनी रस्त्यावर चालवूनही दाखवला. पण वाचवलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबरच निघून जात होती आणि वंगणाचा प्रश्न बिकट झाला. तेव्हा आपल्या गाडीतले पाणी अजून तरी सुटलेले नाही.

उकळू द्या!

निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये जर्मनीतल्या डॉइट्झ येथे चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वीपणे चालवले. ही इंजिने एका जागी बसवलेली असत. सिलिंडरभोवती पोकळ आवरण, त्यात पाणी. आपल्याकडे विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला हे किती सोपे होते ते खेड्यातल्या शिक्षकांनी पाहिले असेल. उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनातून फिरवायची आणि कोमट झालेले पाणी पाटात सोडून द्यायचे.

इंजिन चाकांवर चढले तेव्हा विहीर मागे राहिली. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत पाणी सरळ उकळू दिले जाई. यामागे चांगले भौतिकशास्त्र आहे. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे वाफ होताना पाणी साडेसातपटींहून अधिक उष्णता घेऊन जाते. मात्र गेलेले पाणी परत येत नाही.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ, म्हणजे कार्लच्या पत्नी, ऑयगेन आणि रिखार्ड या आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला या गाडीने गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. इंधन त्यांनी वाटेत औषधाच्या दुकानातून घेतले. पण इंधनापेक्षा जास्त वेळा थांबावे लागले ते पाण्यासाठी. विहीर, ओढा, खाणावळ, जिथे मिळेल तिथे पाणी भरत त्या गेल्या. गाडीच्या पहिल्या लांब प्रवासाची मुख्य चिंता पाणी हीच होती.

बेंझचे इंजिन एका अश्वशक्तीपेक्षाही लहान होते म्हणून हे निभावले. आज ४० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३० किलोवॅट, काम करणाऱ्या इंजिनातून जवळपास तितकीच उष्णता पाण्यात उतरते. घरातले ३ किलोवॅटचे दहा गीझर एकदम चालू असावेत तशी ही उष्णता. केवळ वाफ करून ती घालवायची तर ताशी सुमारे ४८ लिटर पाणी लागेल.

मधमाश्यांचे पोळे

तेच पाणी पुन्हा वापरायचे तर त्यातली उष्णता हवेला द्यावी लागते, आणि हवेचा स्पर्श व्हायला पृष्ठभाग हवा. हे कोडे विल्हेल्म मायबाखने सोडवले. त्याने १९०० च्या अखेरीस डाइमलर कंपनीच्या नव्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या, नळ्यांमधून हवा आणि नळ्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी. त्यामुळे फक्त ९ लिटर पाण्यावर काम भागू लागले. हीच गाडी 'मर्सिडीज' नावाने १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत गाजली.

वर्गात हे बटाट्यावर दाखवता येते. १० सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौ. सें.मी. असते. त्याचे १ सें.मी. बाजूचे हजार तुकडे केले तर आकारमान तेवढेच राहते आणि पृष्ठफळ मात्र ६००० चौ. सें.मी. होते. रेडिएटर म्हणजे असा बारीक चिरलेला पृष्ठभाग. त्यावर चिखल, किडे किंवा वाळका पाला बसला की चिरण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

आतूनही तेच घडते. आपल्या दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असते. ते वर्षानुवर्षे ओतत राहिले की आतल्या भिंतींवर क्षार बसतात. बिडाची उष्णतावाहकता या क्षारांच्या कितीतरी पट असते, म्हणून क्षारांचा मिलिमीटरभर थर बिडाच्या काही सेंटिमीटर जाड भिंतीइतका अडथळा करतो.

पंपाशिवाय वाहणारे पाणी

फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली. सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता, मग तो काढून टाकला. १९२७ पर्यंत विकल्या गेलेल्या दीड कोटी गाड्यांपैकी बाकी सगळ्या पंपाशिवाय चालल्या. तापलेले पाणी हलके होते. २० अंशांच्या पाण्याचे एक घनमीटर ९९८ किलो भरते, १०० अंशांच्या पाण्याचे ९५८ किलो. या ४ टक्के फरकावर गरम पाणी इंजिनातून वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे आणि पुन्हा इंजिनात शिरे. आपल्या गच्चीवरचे सौर बंबही याच तत्त्वावर चालतात.

या साधेपणाला एक अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटे आणि अभिसरण थांबे. रेडिएटरमध्ये पाणी दिसत असतानाही इंजिन उकळे. शक्ती वाढत गेली तसा ४ टक्क्यांचा हा जोर अपुरा पडला आणि पंप परत आला. ३० किलोवॅट उष्णता पाण्याचे तापमान केवळ १० अंशांनी वाढू देऊन न्यायची असेल तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी फिरले पाहिजे. गाडीत पाणी असते पाच-सहा लिटर. म्हणजे पाण्याचा प्रत्येक थेंब मिनिटाला सात-आठ फेऱ्या मारतो. पंपाचा पट्टा सैल झाला तर काय होईल ते यावरून समजते.

हवेचा मोह

शेवटी उष्णता हवेलाच द्यायची, तर मध्ये पाणी कशाला? हा प्रश्न चार्ल्स केटरिंग या बुद्धिमान अभियंत्याला पडला. गाडी विजेवर सुरू करणारा सेल्फ-स्टार्टर त्यानेच तयार केला होता. जनरल मोटर्समध्ये त्याने सिलिंडरवर तांब्याचे पंख बसवलेले, हवेने निवणारे इंजिन बनवले. तांब्याची वाहकता बिडाच्या सुमारे आठपट असते. शेव्हरोलेची ही गाडी १९२३ च्या सुरुवातीला लोकांसमोर आली आणि त्याच उन्हाळ्यात कंपनीला ती परत मागवावी लागली. इंजिन तापत होते आणि तापले की ताकद गमावत होते.

अडचण आकड्यांत दिसते. तेवढ्याच तापमानवाढीला एक लिटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेते, तेवढी न्यायला सुमारे ३५०० लिटर हवा लागते. तरीही हवेचा मार्ग चुकीचा नव्हता. इंजिन लहान असेल तर आकारमानाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ जास्त असते. म्हणून मोटारसायकलच्या सिलिंडरवरचे पंख पुरेसे ठरतात. आणि दोन कोटींहून अधिक संख्येने बनलेली फोक्सवागन बीटल २००३ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत हवेवरच चालली.

थंड इंजिनही वाईट

आता आमच्या मिस्त्रींनी फेकलेल्या थर्मोस्टॅटकडे येऊ. इंजिन जितके थंड तितके चांगले, असे सुरुवातीला वाटे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सिलिंडर का झिजतात याचा कसून अभ्यास झाला आणि वेगळेच उत्तर मिळाले. थंड भिंतींवर ज्वलनातून निघालेली वाफ दवासारखी जमते, तिच्यात आम्ले विरघळतात आणि धातू खातात. म्हणजे इंजिन गरमच हवे, फक्त मर्यादेत.

त्यासाठी पाण्याच्या वाटेवर एक झडप बसवतात. ठरलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ८८ अंशांना, ती उघडू लागते. सर्गियस व्हर्नेटने १९३० च्या दशकात तिच्यात मेण भरण्याची युक्ती काढली. मेण वितळताना बरेच फुगते आणि त्या जोराने झडप उघडते. ना वीज, ना स्प्रिंगच्या डब्यातला द्रव. ही झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी नक्कीच तापते, आणि म्हणूनच ती बदनाम झाली. पण चांगली झडप काढून टाकली की इंजिन गरज असेल तेव्हाही गरम होत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर झडप नसली की पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरते आणि गाडी अधिक तापते.

स्वयंपाकघरातून बॉनेटखाली

शेवटची कडी आहे दाबाची. डेनिस पापँने १६७९ मध्ये हाडे शिजवण्याचे बंद भांडे बनवले. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. भांडे फुटू नये म्हणून त्याने पुढे त्याला सुरक्षा झडपही लावली. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही. बाहेरच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली ते सुमारे १२० अंशांना उकळते. मोटार अभियंत्यांनी ही युक्ती १९३० च्या दशकात उचलली. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग एकत्र.

पाण्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळले तर दाबाशिवायही ते १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि दाबाखाली १२५ अंशांच्या पुढे जाते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आलेले हे द्रव्य आपल्याकडे उकळू नये म्हणून आणि आतून गंज लागू नये म्हणून उपयोगी पडते. कुलंट म्हणतात ते हेच. ते गोडसर आणि विषारी असते, म्हणून मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

उकळण्याला इतके का भ्यायचे? तवा नीट तापला का हे पाहायला त्यावर पाणी शिंपडतात, तेव्हा थेंब लगेच न आटता नाचत राहतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी तव्याला टेकतच नाही. जपानच्या शिरो नुकियामाने १९३४ मध्ये मोजून दाखवले की पृष्ठभाग एका मर्यादेपेक्षा तापला की उष्णता पाण्यात जाण्याचा वेग वाढण्याऐवजी घटतो. इंजिनाच्या हेडमध्ये अशी गादी जमली की तिथला धातू आणखी तापतो, गादी आणखी वाढते, आणि शेवटी हेड वाकते किंवा गॅस्केट जळते.

निदान कसे करावे

आता उष्णतेची वाट अशी मांडता येते: ज्वलन, धातू, पाणी, पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, हवा आणि या सगळ्यावर झाकणाचा दाब. गाडी तापली की विचारायचे, वाट कुठे अडली? आणि त्यासाठी पाहायचे, ती केव्हा तापते?

गर्दीत उभी असताना तापते आणि वेगात धावताना निवते, तर पंखा पाहावा. उभ्या गाडीला वारा तोच देतो. वेगात किंवा चढावर तापते आणि इतर वेळी ठीक असते, तर रेडिएटर आतून वा बाहेरून तुंबला असेल किंवा पाणी पुरेसे फिरत नसेल. इंजिन तापले तरी रेडिएटर थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अडकला आहे किंवा पंप चालत नाही. कुठेही गळती नसताना पाणी कमी होते, धूर पांढरा येतो, तेल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केट गेले असावे. आणि एक धोका: पाणी पुरते संपले की काटा कधी कधी खाली येतो, कारण त्याचा संवेदक आता पाण्यात नसून हवेत असतो. वाफ निघत असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नये.

वाटेत गाडी तापली तर एअर कंडिशनर बंद करावा, हीटर असेल तर पूर्ण चालू करावा, कारण तो छोटा रेडिएटरच असतो. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. झाकण उघडू नये. आत १०० अंशांच्या वरचे पाणी केवळ दाबामुळे द्रवरूप असते. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन उरलेले उकळते पाणी अंगावर उडवतो. पुरेसे निवल्यावरही तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो.

झाकणाचे रबर

आमच्या गाडीचे दुखणे दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी ओळखले. त्यांनी वडिलांना एकच प्रश्न विचारला, "घाटातच तापते का?" हो म्हटल्यावर त्यांनी थंड इंजिनाचे झाकण काढले आणि त्याची रबरी रिंग बोटाने दाखवली. ती कडक होऊन चिरली होती.

दाब टिकत नसल्याने आमच्या गाडीतले साधे पाणी बाहेरच्या दाबाखालीच उकळत होते. उंची वाढली की उत्कलनबिंदू उतरतो, दर ३०० मीटरला साधारण १ अंश. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते. सपाटीवर पाण्याला जो थोडासा वाव मिळत होता, तो चढाच्या अतिरिक्त उष्णतेने आणि उंचीने मिळून संपवला. नवे झाकण, नवा थर्मोस्टॅट आणि कुलंट घातल्यावर ती गाडी पुढे अनेक उन्हाळे तो घाट चढली.

वर्गात हे दाखवायला सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज पुरते. तिच्यात ६०-७० अंशांचे थोडे पाणी घ्या, हवा काढा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोरात ओढा. पाणी उकळताना दिसेल. गरम पाणी शिक्षकांनी स्वतः हाताळावे. मग मुलांना विचारा, घाटातल्या त्या गाडीत काय झाले असेल? पहिल्या मिस्त्रींनी गाडी कुठे तापते ते पाहिले होते, दुसऱ्यांनी केव्हा तापते ते विचारले. मला तो फरक पदवीच्या पुस्तकात नाही, गॅरेजमध्ये शिकायला मिळाला.